पंधरा मिनिटं इहिरीच्या तळाशी

मले पोहता येते, हे साऱ्या गावाले माहीत होतं. गावच्या इहिरीत मले पोहता येत नाही, हेबी माहीत होतं. आमी बौद्ध. आमची इहीर वस्तीत येगळी, आन् ते चैतातच आटे.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात मालेगावजवळच्या आमच्या धरनाचं दार तळाशी अडकलं. पाट बंद झाला. उदयसिंग पाटलाची संत्र्याची बाग वाळू लागली. मंग पाटबंधारे खात्यानं पानबुड्या धाडला. दौलतसिंग त्याचं नाव, मानोऱ्याकडच्या तांड्यातला, नेवीतून पेन्शन घेऊन आलेला. त्याले जोडीदार पाहिजे होता, पक्क्या नोकरीवर. बाकीच्या पोट्ट्यांनी पाठीवरचं हवेचं नळकांडं पाह्यलं आन् "माय वं!" म्हणून घरी गेले. उरलो मी.

अट एकच. पंधरा मिनिटं पान्याच्या तळाशी बसायचं. धरनाचं पानी गढूळ, शिकाऊ मानसाले पह्यले स्वच्छ पानी लागते. आन् तीस फूट स्वच्छ पानी गावच्याच इहिरीत होतं.

पाटलानं लय इचार केला. मंग त्याले बाग आठवली.

"इंद्रभान, पायऱ्या ओट्यावरून हायेत. तू मोटीकडून दोरानं उतर. ओट्याले हात लावू नको. पान्यात कितीबी बस."

मी "हाव" म्हटलं. नोकरी पाहिजे होती, नाही त पाटलाले त्याच्याच बागेत पळवलं असतं.

दौलतसिंगनं दोर कमरेले बांधून मले पान्यात सोडलं. "दम तोंडानं घे, रोखू नको. दोर तीनदा हालला का वर यायचं. दोराचं ऐकाचं, डोक्याचं नाही. आता डोळ्यावरच्या काचेत थुंक."

"काय?"

"थुंक, चोळ, धू. नाही त वाफ धरते."

चाळीस मानसं वाकून पाहून राह्यले होते. मी थुंकलो. धुतलं इहिरीतच, दुसरीकडं कुठं धुनार?

खाली गेलो त भेव वाटलं, खोटं कायले बोलू. पह्यले दोन मिनिटं बैलावानी धापलो. मंग दम बसला. मनगटावर दौलतसिंगचं घड्याळ होतं, भवताल गावाची बुडालेली भांडी होती, आन् कोनी मले 'सरक' म्हणत नोतं. बरं वाटलं.

नवव्या मिनिटाले दोर तीनदा हालला.

वर काय झालं ते मले मागून समजलं. बुडबुडे पाहून भागिरथा म्हातारी ओरडली, "अवं, त्याचा श्वास आपल्या पान्यातून येऊन राह्यला!" दौलतसिंग बिडी पेटवाले वळला होता, तेवढ्यात पाटलानं दोर हिसकला.

सहा मिनिटं बाकी होते. वर गेलो का नोकरी गेली. मी अंदाजानं पाटलालेच शिव्या देल्या, पन तोंडात हवेच्या नळीचं रबर होतं, वाया गेल्या. मंग कमरेचा दोर सोडला, एका घागरीले बांधला आन् तीनदा हालवला.

वर तिघांनी जोर लावून वढलं त पाटलीनबाईची दोन वर्साआधी पडलेली पितळी घागर निंघाली. बुडबुड्याची कोनाले आठवनच राह्यली नाही. दोराले गोटा बांधून परत सोडला. "माही कळशी पाह्य रे बापा!" भागिरथाच पह्यली बोलली म्हनतेत. मी सात भांडी पाठवली. बावीस मिनिटं बसलो.

मोटीकडून वर आलो त दौलतसिंग म्हने, "दोर सोडला. नियमानं तू नापास."

मी पाठीवरचं नळकांडं सोडू लागलो.

मंग तो पाटलाकडं वळला. "पन दोर हालवाचा हक्क फक्त माहा. पह्यले तुमी नापास." आन् कागदावर त्यानं 'पास' लिवलं.

नळकांड्याची हवा लय कोरडी असते. घशाले कोरड पडली होती. मी पानी मांगतलं. पाटलीनबाई खुशीत होती, लगेच लोटा घेऊन आली. तीन हात दूर उभी राह्यली, लोटा उंच केला.

"ओंजळ धर, बापा."

मी धरली नाही. धार पायावर पडली. एवढा राग मले जनमात आला नोता. मी ओट्यावर चढलो, पायऱ्या उतरलो, आन् पान्याले तोंड लावलं.

वर पाटील दोनदा खाकरला. मंग त्यानं हळूच इचारलं, "इंद्रभान, उद्या धरनाचं दार उघडशीन ना?"

मले अजून तहान होती. मी पीत राह्यलो.