पांढऱ्या रंगाखाली

दिघीला फेरीबोटीतून उतरताना गाडीचं पुढचं चाक खाडकन आपटलं आणि रुचिका पोट धरून ओरडली. तिला पाचवा महिना होता.

"शॉकअप गेलेत. उद्या गावच्या घरीच बदलतो," गाडी चालवणारा तिचा नवरा सम्यक म्हणाला. नवे शॉकअप त्याने आधीच मागवून सीटमागे ठेवले होते.

दोन दरवाज्यांची, जमिनीला टेकलेली पांढरी स्पोर्ट्स कार. तळोज्याच्या कंपनीतल्या धनेशकडून त्याने ती उन्हाळ्यात घेतली होती. दोघं एकाच खात्यात, डबा एकत्र खाणारे.

सकाळी बोर्ली पंचतनच्या घरासमोर काम सुरू झालं. सम्यकचे वडील धर्माजी, जन्मभर एसटी चालवलेले, जांभ्या दगडाचे दोन चिरे घेऊन आले.

"जॅकवर भरवसा ठेवू नको. गाडीखाली हे घाल."

चाक निघालं. खालचे बोल्ट गंजलेले, पान्याला पाइप लावून दोघांनी जोर केला तेव्हा सुटले. बॉनेटखालचे नट काढल्यावर स्प्रिंगसकट जुना शॉकअप सम्यकच्या हातात आला, तेलाने माखलेला. नवा बसवण्याआधी आतली जागा साफ करावी म्हणून त्याने तारेचा ब्रश फिरवला. चिखल पडला, मग काळ्या लेपाच्या खपल्या पडल्या.

खाली लाल रंग होता.

त्याने अजून घासलं. लाल पत्रा चाकामागे गाडीच्या तळाने जाऊन सीटखाली संपला. तिथे वेल्डिंगचा जाड, ओबडधोबड सांधा होता आणि सांध्यापलीकडे पत्रा चंदेरी. सम्यकने दार उघडून आतलं कारपेट खेचलं. तोच सांधा दोन्ही सीटांखालून आरपार गेला होता. एका ठिकाणी तो उकलला होता, फटीतून अंगणातली माती दिसत होती.

धर्माजी वाकून बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "ह्या दोन गाड्या हायेत. आपटलेल्या. एकीचा पुढचा भाग, दुसरीचा मागचा. कापून जोडल्यात."

सम्यकने ब्रश खाली ठेवला. गेल्याच रविवारी त्याने हायवेवर गाडी अशी पळवली होती की रुचिका हसत हसत किंचाळली होती. काल येताना तर ती याच सीटवर झोपली होती, या फटीच्या वर. तो तिथेच मातीत बसला.

रुचिका ओसरीवरून खाली आली, तिने फट पाहिली आणि तिचा चेहरा उतरला. "धनेशला फोन लाव," ती म्हणाली. "स्पीकरवर."

"धनेश, गाडीचं पुढचं चाक काढलंय," एवढंच सम्यक बोलला.

धनेशचा आवाज चढला. "तुला कुणी सांगितलं चाक काढायला?"

सम्यकला वाटलं होतं, धनेश दचकेल, शिव्या देईल, मलाही फसवलं म्हणेल.

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"अरे भावा, मलापण नंतरच समजलं ना. मी काय करणार? आता ऐक, नवे शॉकअप टाक, मस्त पॉलिश मार. मी गिऱ्हाईक बघतो. पनवेलचा एक पोरगा मागेच लागलाय."

सम्यक काही बोलला नाही. फोन हातात धरून तो पांढऱ्या बॉनेटकडे बघत राहिला. फार वेळ. रुचिकाने त्याच्या हातातून फोन घेतला आणि बंद केला.

"तू लगेच 'नाही' का म्हणाला नाहीस?"

"म्हणणारच होतो."

"खरं सांग."

त्याने मान खाली घातली. "आला होता विचार. विकून टाकायचा."

रुचिका एक पाऊल मागे सरली. फटीपेक्षा तिला याचाच जास्त धक्का बसला होता, ते त्याला दिसलं. आणि त्याला स्वतःलाही तोच धक्का बसला होता. धर्माजींनी काही ऐकलंच नाही असं दाखवत जुना शॉकअप फडक्यात गुंडाळला.

"फोटो काढ," ते म्हणाले. "सगळे. मग जाऊ पोलिसांकडं."

सम्यकने सांध्याचे फोटो काढले. नंतर आपणहून पनवेलच्या त्या पोराचा नंबर मित्रांकडून शोधला आणि त्याला फोटो पाठवले. पोराने उलट फोन करून आभार मानले; धनेशने त्याला गाडी कबूलही केली होती आणि पुढच्याच आठवड्यात तो ती घेऊन गोव्याला जाणार होता.

तक्रार नोंदली गेली. पुढे मोटार निरीक्षकाने गाडी रस्त्यावर आणायला बंदी केली आणि पोलिसांनी धनेशला चौकशीला बोलावलं. खात्यात तो सम्यकसमोरून मान वळवून जाऊ लागला.

पण हे सगळं नंतरचं. तक्रार देऊन मुंबईकडे परतायला एसटी आली तेव्हा रुचिका आधी चढली. खिडकीची जागा धरून तिने बाजूच्या सीटवर पिशवी ठेवली. सम्यक उभाच राहिला. गाडी सुटल्यावर बऱ्याच वेळाने तिने पिशवी उचलून मांडीवर घेतली.