बचनागबुवाची जीभ

औषधांच्या कारखान्यात त्याला सगळे बचनागबुवा म्हणत. नाव चेष्टेनं पडलं होतं, पण चेष्टा करणारेही त्याच्यापासून चार हात लांबच उभे राहत. कारखान्याच्या मागच्या अंगणात त्याची पत्र्याची शेड होती. तिथं तो बचनागाच्या काळपट मुळ्या चिरायचा, भिजत घालायचा आणि दुधात मंद आचेवर तासन्‌तास उकळायचा. कच्ची मुळी म्हणजे जहर. पोटात गेली की आधी ओठांना मुंग्या येतात, मग हातपाय बधिर होतात आणि शेवटी काळजाचे ठोके चुकायला लागतात. तीच मुळी नीट शिजली की तापावर, सांधेदुखीवर औषध म्हणून चालते. मात्र जास्त शिजली, तर विषाबरोबर गुणही निघून जातो आणि हाती नुसता चोथा राहतो. कुठं थांबायचं हे बुवाची जीभ ठरवायची. शिजलेल्या तुकड्याचा कण जिभेच्या टोकाला लावायचा, थुंकून टाकायचा, चूळ भरायची आणि वाट बघायची. जीभ चुरचुरली तर पातेलं पुन्हा चुलीवर.

बायको गेल्यापासून तो धाकट्या भावाच्या घरी वरच्या खोलीत राहत होता. भावजय मनानं वाईट नव्हती. पण पोरं लहान होती आणि दिराच्या कपड्यांना, हातांना काय लागून येत असेल याचा तिनं धसका घेतला होता. त्यामुळं त्याचा कप वेगळा, टॉवेल वेगळा आणि जेवणाचं ताट जिन्याच्या वरच्या पायरीवर. बुवालाही त्यात वावगं वाटत नसे. खालून पोरांच्या भांडणाचा, भावाच्या हसण्याचा आवाज येई, तेवढ्या सोबतीवर तो जेवून घेई.

एका संध्याकाळी जेवणं झाल्यावर भाऊ वर आला आणि दारातच उभा राहिला.

"दादा, तू जेवलास?"

"जेवलो की. का रे?"

"अरे, भाजीत मीठ दोनदा पडलं होतं. आम्ही पहिल्याच घासाला तोंडं वाकडी केली. आणि तुझं ताट चाटूनपुसून खाली आलं."

"भूक लागली होती," बुवा म्हणाला.

भाऊ हसत खाली गेला. बुवाला मात्र मीठ जाणवलंच नव्हतं. जेवणात राम राहिला नाही, असं त्याला कधीपासून वाटत होतं. पण एकट्यानं जेवताना असंच होत असेल, म्हणून त्यानं ते सोडून दिलं होतं.

सकाळी तो सगळ्यांच्या आधी शेडमध्ये पोचला. कच्च्या मुळीचा एक कण त्यानं सुईच्या टोकानं उचलला, जिभेला टेकवला आणि लगेच थुंकला. एरवी एवढ्यानं डोळ्यांत पाणी आलं असतं. तो वाट बघत बसला. काही म्हणजे काही झालं नाही. तोंडात जीभ होती, पण दुसऱ्याची असल्यासारखी.

समोर काल शिजवलेल्या मुळ्यांचा घाणा ताटांत वाळत होता. त्यानंच चाखून पास केलेला. आज त्याच्या गोळ्या वळायच्या होत्या.

हा माल गुपचूप पुन्हा उकळता आला असता. यापुढचे सगळे घाणे जरा जास्तच शिजवायचे, म्हणजे कुणाच्या जिवाला धोका नाही. औषध लागू पडेनासं झालं तर लोक आपल्या दुखण्याला दोष देतील, बुवाला कोण विचारतंय? साऱ्या जगात याच एका शेडमध्ये कुणाचं तरी त्याच्यावाचून अडत होतं. त्यानं काडीही पेटवली. चुलीपाशी मिनिटभर उकिडवा बसला, मग काडी विझवून उठला आणि वैद्यबाईंच्या खोलीत गेला. कारखाना त्यांचाच होता.

"बाई, आज गोळ्या वळू नका."

"का? कालचा माल झालाय म्हणालात ना?"

"म्हणालो. पण माझी जीभ गेलीय. कच्ची मुळीसुद्धा लागत नाही."

वैद्यबाई लगेच त्याच्याबरोबर शेडमध्ये आल्या. ताटातला तुकडा त्यांनी मोडला, कण जिभेला लावला, थुंकला, चूळ भरली. थोड्या वेळानं त्यांनी रुमालानं ओठ दाबून धरले.

"चुरचुरतेय," त्या म्हणाल्या. "चांगलीच चुरचुरतेय, बुवा."

बुवानं वाळणारी ताटं बाजूला ओढली.

"याच्या आधीचा माल?" त्यानं विचारलं.

"मागचा एक घाणा मी सहज चाखून बघितला होता, तो ठीक होता. पण बाहेर गेलेला सगळाच माल परत मागवते. आणि यापुढं प्रत्येक घाणा प्रयोगशाळेत तपासल्याशिवाय पुढं जायचा नाही. हे मी आधीच करायला हवं होतं. तुमच्या जिभेवर विसंबून राहिले."

"जीभ कशानं गेली असेल, बाई?"

"वयानं असेल, या चाखण्यानं असेल. दाखवायला हवं." मग आवाज खाली आणून त्या म्हणाल्या, "चुलीवर मात्र आता तुम्ही नको."

त्याला पॅकिंगच्या खोलीत जागा मिळाली. तिथल्या बायकांनी सरकून स्टूल दिलं, पण तो बसताच त्यांच्या गप्पा बंद पडल्या. डॉक्टरांनी औषध दिलं, फरक पडेल याची खात्री दिली नाही.

रविवारी त्यानं भावजयीला सांगितलं, "बचनागाचं काम सुटलं."

"बरं झालं, भाऊजी," ती म्हणाली आणि क्षणभर घुटमळली. "मग आज खालीच बसा जेवायला."

पोरं त्याला जागा करून देताना एकमेकांना चिकटली. वर ऐकू येणारा सगळा गोंगाट आज गप्प होता. भावानं पाण्याचा तांब्या पुढं केला. चमच्यांचा आवाज तेवढा होत राहिला. कुणीतरी बोलावं म्हणून भावजयीनं विचारलं, "चव कशी आहे, भाऊजी?"

छान आहे, असं तोंडावर आलं होतं.

"मला कळत नाही गं," बुवा म्हणाला. "बरेच महिने झाले."

भावाचा हात घासासकट थांबला. "मला का नाही सांगितलंस, दादा?"

बुवानं पुढचा घास घेतला. त्यानं जेवण संपवलं, स्वतःचं ताट घासलं आणि जिना चढून वर गेला.