दोघांना घेणारी जागा

"आणि बर्फ कुठं ढकलता तुम्ही?" लॉवेलनं तिसऱ्यांदा विचारलं.

जागा दाखवणारी शेल्बी तिसऱ्यांदा हसली. गोल्फच्या मैदानावर फिरतात तसली छोटी उघडी गाडी ती एका हातानं चालवत होती आणि दुसऱ्या हातानं आम्हाला पोहण्याचा तलाव, बागेतलं कारंजं, मातीची भांडी करायची खोली, कुत्र्यांसाठी राखलेली हिरवळ दाखवत होती. "तुमचे मिस्टर भारी विनोदी आहेत हो," ती मान वळवून मला म्हणाली. मी मागच्या बाकावर होते. त्या गाडीचा मागचा बाक उलट्या तोंडाचा असतो, त्यामुळे तिनं दाखवलेली प्रत्येक गोष्ट मला ती मागे पडल्यावरच दिसत होती.

पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो विनोदच होता. लॉवेलनं चौतीस वर्षं ट्रक चालवून उत्तरेतल्या आमच्या डलुथ गावच्या रस्त्यांवरचा बर्फ काढला. वाळवंटातल्या टूसॉनच्या मे महिन्यात, निवडुंगांच्या मधोमध त्यानं तसं विचारणं त्याला शोभलं होतं. दुसऱ्यांदा मी खोकले. तिसऱ्यांदा हात मागे नेऊन त्याच्या पाठीत बोट टोचलं. ही आमची घरी ठरलेली खूण. आता गप्प.

"काय गं?" तो मोठ्यानं म्हणाला. "टोचतेस कशाला?"

मी आयुष्यात कधी आवाज चढवलेला नाही, चर्चच्या स्वयंपाकघरातसुद्धा नाही, जिथं बाकीच्या बायका पातेल्यांवरून भांडत असत. पण त्या उलट्या बाकावर मी दात इतके आवळून बसले होते की कानशिलं ठणकत होती.

ही आम्ही पाहिलेली चौथी जागा. आमची मुलगी जनेल वीस वर्षं टूसॉनमध्ये आहे. मागच्या मार्चमध्ये मी आमच्याच पायरीवर बर्फावरून घसरले, खुबा मोडला, तेव्हापासून तिनं एकच लावून धरलं होतं. "विका ते घर. दोन मजले, तळघर, आणि माणसं दोन. कुणासाठी झाडतेस?" मग तिनं एक तक्ता करून पाठवला. निवृत्त माणसांच्या सात वसाहती, प्रत्येकीला वेगळा रंग. जेवण कसं, बाग कशी, दवाखाना किती लांब. तक्ता सुरेख होता. मला तो फाडून टाकावासा वाटला होता.

मला ही चौथीच जागा हवी होती आणि का हवी होती ते तक्त्यात नव्हतं. इथला नियम असा: दोघंही आपल्या पायांवर आणि धडक्या डोक्यानं आत आलात, की पुढे काहीही होवो, ते तुम्हाला शेवटपर्यंत सांभाळतात. एकाचं डोकं गेलं तर त्याला त्याच आवारातल्या दुसऱ्या इमारतीत ठेवतात. दुसऱ्यानं बाग ओलांडून रोज जावं, हवं तेवढा वेळ बसावं. फक्त, येण्याआधी दोघांनी अर्धा अर्धा तास तिथल्या नर्ससमोर बसायचं. त्यात जो नापास, त्याला ते घेत नाहीत.

आणि लॉवेलचं डोकं दोन हिवाळ्यांपासून जात होतं. डिसेंबरात तो ब्रेड आणायला म्हणून गेला आणि ज्या रस्त्यावरचा बर्फ त्यानं जन्मभर काढला त्याच रस्त्यावर हरवला. हे मला ठाऊक होतं, देवाला ठाऊक होतं. जनेलला नव्हतं. तिचा फोन आला की मी त्याच्या शेजारी बसून हलक्या आवाजात नावं पुरवत असे.

म्हणून मी त्याला शिकवायला घेतलं. चर्चमधल्या आर्डिसच्या नवऱ्याची अशीच परीक्षा झाली होती, तिच्याकडून कागद आणला. घड्याळ काढा, त्यात पावणेतीन दाखवा. पाच शब्द ऐका आणि पाच मिनिटांनी परत सांगा. सहा आठवडे रोज सकाळी न्याहारीनंतर मी आधी स्तोत्र वाचत असे, मग आम्ही प्रार्थना म्हणत असू, मग मी पुस्तक मिटून तो कागद काढत असे. त्याच टेबलावर, त्याच तोंडानं.

"होडी, मध, टोपी, पिवळा," लॉवेल म्हणे.

"खिडकी राहिली."

"राहू दे की उघडी. मी काय शाळेत आहे का गं?"

"हो. आणि नापास झालास तर मला एकटीला राहावं लागेल."

मी हे बोलायला नको होतं. त्यानंतर तो दाढी करताना घोकू लागला, बूट घालताना घोकू लागला. एकदा चर्चमध्ये भजन चालू असताना मी त्याच्या ओठांकडे पाहिलं तर तो भजन म्हणत नव्हता.

फेरी संपल्यावर शेल्बीनं आम्हाला तिथं राहणाऱ्या एका बाईंबरोबर जेवायला बसवलं. रोझलिंड त्यांचं नाव. आयोवाच्या, ऐंशीच्या पुढच्या, ओठांना लाली. जेवणघराच्या दाराबाहेर दहाबारा वॉकर, धरून चालायच्या त्या चौकटी, ओळीनं उभे होते, प्रत्येकाला वेगळ्या रंगाची फीत बांधलेली.

"ते बाहेर का ठेवलेत?" मी विचारलं.

"आत आणायचे नाहीत," रोझलिंड म्हणाल्या. "बघायला येणाऱ्यांचं मन उडतं म्हणे. तुमच्यासारख्यांचं."

"मग ती माणसं टेबलापर्यंत येतात कशी?"

"भिंत धरून. खुर्च्या धरून. काल बर्निस माझ्या सूपात हात घालून उभी राहिली. मी म्हटलं, बाई, मीठ बघतेयस का?"

लॉवेल खळखळून हसला. "माझा ट्रक आणतो," तो म्हणाला. "एका फेरीत सगळ्या खुर्च्या भिंतीला लावतो. बर्निसबाईंना सरळ रस्ता."

टेबलाजवळून जाणारी माणसं थांबून हसली. लॉवेलनं टोपी उचलून दाद घेतली. मला वाटलं, निभावतंय. चिडायचं कारण नव्हतं, तरी मी त्या वॉकरांकडे बघत चिडलेलीच होते. आमच्यासारख्यांचं मन उडू नये म्हणून कुणी भिंत धरून जेवायला यायचं.

"त्या पलीकडच्या इमारतीत," मी हळूच विचारलं, "भेटायला जाऊ देतात?"

रोझलिंडनी काटा खाली ठेवला. "माझा हॅरॉल्ड तिथंच आहे. रोज जाते. तो मला त्याची बहीण समजतो. त्या बहिणीशी त्याचं कधी पटलं नाही, ते वेगळं." मग त्यांनी काटा पुन्हा उचलला. "पण चालत जाते ना. कुणाला विचारावं लागत नाही. तेवढ्यासाठी मी इथली ही गवतासारख्या कच्च्या पाल्याची ताटली रोज खाते."

मला ते हवं होतं. नवऱ्यानं मला बहीण समजावं, शेजारीण समजावं, पण मला बाग ओलांडून कुणालाही न विचारता त्याच्याकडे जाता यावं.

नर्सचं नाव ग्रासिएला होतं. तिनं मला बाहेरच्या खुर्चीवर बसवलं, लॉवेलला आत नेलं आणि दार लावून घेतलं. पण त्याला कमी ऐकू येतं म्हणून ती मोठ्यानं बोलत होती, आणि तो नेहमीच मोठ्यानं बोलतो. दाराचा काही उपयोग नव्हता.

तारीख त्यानं एका दिवसानं चुकवली. ठीक, मीही चुकवते. शहराचं नाव बरोबर सांगितलं. घड्याळाच्या वेळी बराच वेळ शांतता, मग ग्रासिएला म्हणाली, "छान." मांडीवरची पर्स मी इतका वेळ मुठीत धरली होती, ती सैल सोडली.

"आता मी पाच शब्द सांगणार आहे, मिस्टर हाउगेन. नीट ऐकायचे आणि..."

"होडी, मध, खिडकी, टोपी, पिवळा," लॉवेल म्हणाला.

एकही न चुकता. सहा आठवड्यांत तो इतका सफाईनं कधी बोलला नव्हता.

"मी अजून सांगितलेच नाहीत," ग्रासिएला म्हणाली.

"मला येतात ना. मार्लिसनं करून घेतलेत, रोज सकाळी. फार मेहनत घेतली हो तिनं. तुम्ही तिलापण शाबासकी द्या."

मला आधी त्याचाच राग आला. मूर्खा, थांबायचं तरी. मग आर्डिसच्या कागदाचा, मग त्या दाराचा. मग देवाचा, आणि हे मी लपवत नाही. रोज सकाळी तोही त्याच टेबलाशी होता. सहा आठवडे ऐकत होता. अडवायचं होतं तर तेव्हा अडवायचं.

ग्रासिएला बाहेर आली ती दार मागे ओढून घेऊनच. "मी नवे पाच शब्द दिले," ती म्हणाली. "एकही राहिला नाही त्यांच्या लक्षात. असं करणाऱ्या तुम्ही पहिल्या नाही, मिसेस हाउगेन."

"मग नियम बदला."

"ते माझ्या हातात नाही."

"कुणाच्या हातात आहे? मला त्याच्याकडे न्या." माझा आवाज तेव्हाही चढला नाही, उलट इतका खाली गेला की तिला वाकावं लागलं. "ज्याला गरज नाही त्याला सांभाळायचं वचन देता. ज्याला आहे त्याला दारातून परत पाठवता. आणि वर त्या बागेत कारंजं लावता."

"माझी आई असती तर मीपण घोकून घेतलं असतं," ती म्हणाली. "पण मला लिहावं लागणार."

तेवढ्यात शेल्बी आली, आणि तिच्यामागे आम्हाला न्यायला आलेली जनेल. ग्रासिएलानं दोघींना निकाल सांगितला. शेल्बीनं माझे दोन्ही हात हातात घेतले. "मार्लिस, एक चांगली बातमी आहे. तुम्हाला काहीच अडचण येणार नाही. एकटीसाठी फार गोड घर रिकामं आहे, खिडकीतून डोंगर दिसतो. आणि मिस्टर हाउगेनसाठी शहराच्या त्या टोकाला आमच्या माहितीतली खास जागा आहे. पाऊण तासावर."

"मी गाडी चालवत नाही."

"आमची बस जाते ना. दर गुरुवारी."

"दर गुरुवारी," मी म्हणाले.

तिला वाटलं मी दिवस लक्षात ठेवतेय. "हो, दहाला. सीट आधी सांगून ठेवायची फक्त."

एक्कावन्न वर्षं मी या माणसाच्या डाव्या बाजूला झोपते आहे. मी माझे हात तिच्या हातांतून काढून घेतले.

जनेलनं मला भिंतीजवळ नेलं. तिला सगळं कळलं होतं. "कधीपासून, आई?"

"दोन वर्षं."

"म्हणजे फोनवर मी बाबांशी बोलत होते की तुझ्याशी?"

"थोडं थोडं दोघांशी."

"फसवलंस मला. स्वतःच्या मुलीला." ती म्हणाली. "आणि मी इथं बसून बागांची तुलना करत होते, वेड्यासारखी."

"तुझ्या तक्त्यात हे कुठल्या रकान्यात लिहिलं असतंस?"

"सांगितलं असतंस तर रकाना केला असता." ती बरोबर होती, आणि त्यामुळेच माझा राग आणखी वाढला. "आता निदान हे घर घे. तू तरी नीट राहशील."

"मी एकटीनं नीट राहून काय करू?"

"मग कुठं राहणार तुम्ही दोघं? मला सांग, कुठं?"

"दोघांना घेतील तिथं. पत्र्याचं असू दे, कारंजं नसू दे. उद्यापासून तेवढंच विचार सगळ्यांना. दोघांना घेता का. नाही म्हणाले तर पुढचा शब्द बोलू नकोस."

मग मी शेल्बीकडे वळले आणि एकटीचं घर नको म्हणून सांगितलं. ती म्हणाली, विचार करा, आठवडाभर धरून ठेवते. मी म्हणाले, नका धरू. जनेलनं काळा चष्मा डोळ्यांवर ओढला आणि गाडी आणायला निघून गेली.

लॉवेल आणि मी बाहेर येऊन थांबलो. दुपारचे तीन. डांबर वाफाळत होतं आणि आसपास एक झाड नव्हतं, नुसता वाहनतळाच्या पाटीचा खांब.

"पास झालो का?" लॉवेलनं विचारलं.

दोन वर्षं असल्या प्रश्नांना माझ्याकडे उत्तर तयार असे.

"नाही," मी म्हणाले.

"किती चुकले?"

"एकही नाही. पाचही बरोबर सांगितलेस. त्यांना दुसरे हवे होते."

"आणि तू?"

"मी बसलेच नाही."

"भित्री," तो म्हणाला.

त्यानं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. खांबाची सावली डांबरावर पट्टीसारखी पडली होती, एका माणसापुरती. त्यानं माझ्या दंडाला धरून मला तिच्यात उभं केलं, जसं तो मला फुटपाथच्या आतल्या बाजूला करत आला आहे, आणि स्वतः उन्हात थांबला, हात मागे बांधून.

"तूपण ये ना आत," मी म्हणाले.

"दोघं मावत नाहीत. बघ की."

मी पाहिलं. खरंच मावत नव्हते. मग मी बाहेर आले आणि त्याच्या डाव्या बाजूला उन्हात उभी राहिले. जनेलची गाडी येईपर्यंत सावली तशीच पडून होती, रिकामी.