सासूने बघितलेलं स्थळ

सुनेसाठी सासूनेच स्थळ बघितलं, तेव्हा गल्लीने तोंडात बोटं घातली. पण इस्त्रीवाल्या म्हातारीला सगळे 'तोफ' म्हणायचे ते काही उगाच नाही. काही वर्षांपूर्वी तिच्या मुलाचा ट्रक रस्त्याच्या कडेला उभा सापडला. किल्ली आत, डबा अर्धा खाल्लेला आणि पोराचा पत्ता नाही. तेव्हापासून दर आठवड्याला ती त्याचा निळा शर्ट धुवून, कडक इस्त्री करून दुकानातल्या खुंटीला लावायची. सून तो शर्ट बघत बघत वाळत चालली होती.

स्थळ म्हणजे शेजारच्या गॅरेजमधला वेल्डर, बायको वारलेला. स्टुलावर बराच वेळ चुळबुळ करून त्याने शेवटी विचारलंच, "सगळं पटतंय, मावशी. पण तो परत आला तर?"

आत चहा गाळणाऱ्या सुनेचा हात थांबला.

"आला तर दार मी उघडेन," इस्त्री न थांबवता म्हातारी म्हणाली. "आणि सांगेन, ही तुझी बहीण, हे तुझे मेहुणे. मुकाट्याने जेवायला बस."

वेल्डर होकार देऊन गेला. सून धावत बाहेर आली आणि म्हातारीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडली.

"पुरे गं, गिऱ्हाइकाचे कपडे भिजतील," म्हणत म्हातारीने तिला आत पिटाळलं. मग तिने नेहमीसारखा निळा शर्ट इस्त्री केला, खुंटीला लावला आणि त्याच्या कॉलरशी तोंड नेऊन हळूच म्हणाली, "आता मात्र येऊ नकोस रे, राजा."