आरशाला बांधलेला रुमाल

"रुमाल बांधायचा नाही," बायको मागच्या सीटवरून म्हणाली. "मी काही मरायला टेकले नाहीये."

टॅक्सीवाल्याने मागे वळून पाहिलं नाही. चार्जिंगच्या रांगेत पुढे चार गाड्या होत्या, त्याची बॅटरी शेवटच्या घटका मोजत होती, आणि अकराच्या आत ती डायलिसिसला पोहोचली नाही तर तिचा नंबर दुसऱ्याला जाणार होता. मागच्या आठवड्यात एक खेप हुकली होती. आणखी एक हुकली तर काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले होते.

दोष तरी कुणाला द्यायचा? इस्पितळाच्या भागात पेट्रोलच्या गाड्यांना बंदी आली, तेव्हा अनुदानाला भुलून हाच पठ्ठ्या सगळ्यांत आधी विजेची गाडी घेऊन आला होता. सरकारने गल्लोगल्ली चार्जिंग देऊ म्हटलं आणि दिलं एक केंद्र. तीन प्लग, त्यातले दोन फीत कापल्यापासून बंद. इमारतीतल्या शेजाऱ्यांनी खाली वायर ओढू दिली नाही. त्यात आज सकाळी केंद्राचीच वीज गेलेली, ती आत्ता कुठे आली होती, त्यामुळे रांगेतल्या साऱ्याच गाड्या रिकाम्या होत्या.

या रांगेचा कायदा टॅक्सीवाल्यांनीच केलेला. एरवी प्लगसाठी एकमेकांची गचांडी धरणारे हे लोक, आरशाला पांढरा रुमाल दिसला की आत आजारी माणूस आहे हे ओळखून वाट देत. पण बायको पडली हट्टी. तिने आजाराचा शेजारणीलाही पत्ता लागू दिला नव्हता. इथल्या निम्म्या ड्रायव्हरांच्या बायका तिच्याकडे शिवण शिकलेल्या. त्यांच्यापुढे बिचारी व्हायचं तिच्या जिवावर येत होतं.

मागून तिचा श्वास ऐकू आला, जिना चढून आल्यासारखा, आणि तो घाबरला.

"अगं, ऐक ना जरा."

तिने पर्स उघडली.

"घे. नीट बांध, लोंबू देऊ नकोस."

त्याने बांधला.

पुढच्या गाडीतल्या जाड्याशी त्याचं कालच कडाक्याचं भांडण झालं होतं. जाड्या आरशाकडे बघून खाली उतरला आणि एक शब्द न बोलता आपली गाडी ढकलत बाजूला घेऊन गेला. मग बाकीच्यांनीही घेतल्या. प्लगवर असलेल्याने स्वतःच वायर काढून याच्या हातात दिली आणि मान दुसरीकडे वळवली.

इतकी मोकळी वाट त्याला इथे कधीच मिळाली नव्हती. कुणीतरी आडवं यावं, नेहमीसारखं खेकसावं, दोन शिव्या द्याव्यात, असं त्याला फार वाटलं. कुणीच काही बोललं नाही.