काही कमी नाही

टेलर म्हणून हात सफाईचा, पण तोंड उघडलं की माती खायची, हा लाटसाहेबाचा जुना धंदा. लाटसाहेब हे नाव गल्लीनं ठेवलेलं. घरात तेलाची बाटली उपडी करून ठिबकवायची वेळ आली तरी कुणी "कसं काय?" म्हटलं की याचं उत्तर तयार: "मजेत! काही कमी नाही." एकदा दाढ काढताना तो दातांच्या डॉक्टरलाही हेच म्हणाला आणि डॉक्टरनं भुलीचं औषध जरा हात आखडूनच दिलं. तेव्हा शहाणं व्हायचं, तर कुठलं काय!

आता लेकीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला होता. गरजू मुलांची फी सरकार भरतं, पण आधी घरी येऊन परिस्थिती बघतं. मदत मिळाली तर कॉलेज, नाहीतर बापाशेजारी बसून काज-बटणं. मधला रस्ता नव्हता.

यातलं "सरकारी बाई आपल्या घरी येणार" एवढंच लाटसाहेबाच्या डोक्यात शिरलं. त्यानं सकाळीच शेजारच्या इस्त्रीवाल्याचा सोफा उचलून आणला. सोफ्याखाली ठिगळाची चादर शोभेना म्हणून सतरंजीही आणली. मग गिऱ्हाइकाचा शिवून तयार असलेला कोट अंगात चढवला.

"अहो, त्या आपली ओढाताण बघायला येतायत, तुमचा थाट नाही!" बायकोनं कपाळावर हात मारला.

"मग पाहुण्यांना काय स्टुलावर बसवू?"

ती कामाला निघून गेली.

पाहणीच्या बाई आल्या, सोफ्यावर बसल्या. सोफा बघितला, सतरंजी बघितली, कोटावर त्यांची नजर जरा जास्तच रेंगाळली.

"बरं चाललेलं दिसतंय तुमचं?"

"मजेत! काही कमी नाही."

गेलं तोंडातून! जिभेला काज करून बटण लावता आलं असतं तर त्यानं तिथल्या तिथे लावलं असतं. एवढा नावाजलेला टेलर, पण स्वतःचं तोंड कधी मापात शिवता आलं नाही.

बाईंनी पेन मिटलं. "मग अर्ज कशाला केलात हो? ही मदत गरजूंसाठी असते."

तेवढ्यात दारातून इस्त्रीवाल्याची म्हातारी सासू उशी घेऊन आली. कुणाकडे न बघता सोफ्याच्या मोकळ्या भागात आडवी झाली. दुपारची ती तिथंच झोपायची. सोफा घर बदलून आलाय, याचं तिला काही नव्हतं.

"या कोण?" बाईंनी विचारलं.

उत्तर आलं स्वयंपाकघराच्या दारातून.

"बाबांच्या मावशी आहेत," लेक म्हणाली. "इथंच असतात. सोफा त्यांच्यासाठीच घेतला."

शांतपणे म्हणाली, चेहऱ्यावर हसूही होतं. हा आवाज लाटसाहेबाच्या ओळखीचा होता. "काही कमी नाही" म्हणतानाचा त्याचाच. बापाची अब्रू झाकायला पोरगी कॉलेजवर पाणी सोडत होती, तेही हसत. गाढवा, हेच शिकवलंस तिला!

बाई उठल्या, चपला घालू लागल्या.

"थांबा," तो म्हणाला. त्यानं कोट काढला. आतल्या सदऱ्याची कॉलर दोनदा उलटून शिवलेली, पाठीला दुसऱ्याच कापडाचं ठिगळ. "कोट गिऱ्हाइकाचा आहे. सोफा या आजींचा. सतरंजीही त्यांचीच. या माझ्या मावशी नाहीत."

"मग यातलं तुमचं काय?"

"फुशारकी," लाटसाहेब म्हणाला. "तेवढी घरची आहे."

बाईंना हसू आलं. त्या परत येऊन बसल्या. म्हातारीनं झोपेतच पाय आखडून जागा केली. बाईंनी पेन उघडलं. "बरं, आता नीट सांगा. कशाची कमी आहे?"

जन्मात कुणाला न सांगितलेली गोष्ट. मग जो बांध फुटला, तो भाडं, औषधं, शिलाई मशीनचा जुना झालेला पट्टा, बायकोच्या दोन नोकऱ्या, लेक रस्त्याच्या दिव्याखाली करते तो अभ्यास, सगळं घेऊन सुटला. डोळे कधी वाहायला लागले तेही त्याला कळलं नाही.

लेक येऊन त्याच्याजवळ उभी राहिली. तिनं त्याच्या ठिगळावर हात ठेवला.

"बाबा, हळू सांगा," ती म्हणाली. "बाई लिहून घेतायत."