सातांपैकी पाच
आखातातल्या मराठी मंडळींच्या मदतनिधीचे विश्वस्त सात. सगळे बिनपगारी, म्हणून तोरा मात्र पगारदारांच्या दुप्पट. छाया त्यांच्यातलीच एक, सेक्रेटरी. १९९८च्या मे महिन्यात तिनेच ठराव मांडला होता: सातांपैकी पाच हजर असल्याशिवाय एकही निर्णय घ्यायचा नाही. त्याआधी दोघं-तिघं चहा पिता पिता परस्पर ठरवून मोकळे व्हायचे. ठरावाला टाळ्या पडल्या, बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

जुलैच्या पहिल्या शुक्रवारी उपेंद्र तिच्या दारात आला. चिपळूणकडचा वेल्डर, इथल्या अल क्वोजच्या कामगार-कॅम्पात राहणारा. गावी आई अंथरुणाला खिळलेली, डॉक्टरांनी हात टेकलेले.

"ताई, कंपनीने रजा दिली, पण तिकिटाचं तुझं तू बघ म्हणाले. आईने डोळे लावलेत हो माझ्या वाटेकडे."

"आजच इथे मीटिंग आहे. तुझं काम झालंच समज," छायाने शब्द दिला.

मीटिंगला छाया धरून आले चौघे. बाकीचे तिघे कुठे? कुठे म्हणजे काय, इंडियाला! शाळांना सुट्टी, कंपनीचं फुकट तिकीट, इथे उन्हात कोण भाजून घेतंय?

अध्यक्ष सुरेशराव अगदी मनापासून हळहळले. "जेन्युइन केस आहे. पण कोरम नाही. रूल तुमचाच आहे, छायाताई." मग लेटरहेड निळं की भगवं यावर तासभर चर्चा झाली. निर्णय घ्यायचाच नव्हता, त्यामुळे चर्चेला नुसता ऊत आला.

माणसं गेल्यावर छायाने पर्सला हात घातला. नवरा, संजय, भडकला. "नऊशे दिरहॅम, म्हणजे दहा हजार रुपये! एकाला दिलेस की उद्या अख्खा कॅम्प दारात. मग संस्था कशाला काढलीत?"

तिला पटलं. म्हणजे तिने पटवून घेतलं. बॅगा भरायच्या होत्या. मंगळवारी तिचंच इंडियाचं विमान होतं. "पुढच्या मीटिंगला नक्की, इन्शाल्ला," असं तिने उपेंद्रला फोनवर सांगितलं.

ऑगस्टच्या मीटिंगला तिघेच आले.

सप्टेंबरात मात्र सातही हजर, घराघरातून आलेल्या बाकरवड्यांसकट. "विषय पहिला, उपेंद्रचं तिकीट. हरकत? नाही. एकमताने मंजूर!" सुरेशरावांनी जाहीर केलं. टाळ्या पडल्या.

छायाचे हात उठले नाहीत. सकाळीच ती कॅम्पात जाऊन आली होती. उपेंद्रच्या भादरलेल्या डोक्यावर खुरटे केस उगवले होते. "आता घाई नाही, ताई," एवढंच तो म्हणाला होता. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

"त्याची आई गेली," ती कशीबशी म्हणाली. "नऊ ऑगस्टला."

"अरेरे!" सुरेशरावांनी चष्मा काढून पुसला. "फार वाईट झालं. पण ते अजेंड्यावर नाही ना. श्रद्धांजली शेवटी, आयत्या वेळच्या विषयांत घेऊ."

सगळ्यांनी माना डोलावल्या. छायाने रजिस्टर पुढे ओढलं आणि लिहिलं: हजर सात, कोरम पूर्ण.